हॅरिस नावाचा लॉर्ड

आझाद मैदानातून आडवं जाताना मॅच बघायला थांबायचं नाही, असं दर वेळी ठरवतो. परवा दुपारी थांबलोच. तंबूच्या सावलीत पाण्याचं पिंप, पॅड बांधून बसलेली पोरं, आणि एक आई डबा घेऊन भर उन्हात उभी. "काका, हॅरिस शील्ड आहे," शेजारच्याने न विचारताच सांगितलं. म्हणजे मुंबईतल्या शाळांची क्रिकेट स्पर्धा.

शाळेत मला संघात कोण घेणार? पण अक्षर बरं म्हणून सरांनी स्कोअरबुक हातात दिलं. सतरंजीवर मांडी घालायची, टोक केलेल्या पेन्सिलीने टिंबं मांडायची. मेडन, म्हणजे बिनधावांची ओव्हर, पडली की तीच सहा टिंबं जोडून एम काढायचा. त्या एमचं सुख मला पुढे नोकरीत कधी लाभलं नाही. १९८८ साली याच मैदानावर सचिन-विनोदने नाबाद ६६४ ची भागीदारी केली. लोक त्या दोघांबद्दल बोलतात. मला त्या दिवशीच्या स्कोअररची कीव येते.

तर शील्ड ज्याच्या नावाची, तो हा हॅरिस. चौथा लॉर्ड, १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर. त्याआधी इंग्लंडचा कॅप्टन. घराण्याचा किताब मोठा भारदस्त: श्रीरंगपट्टण, म्हैसूर आणि केंटमधलं बेलमाँट, या सगळ्यांचे बॅरन! याचे पणजोबा जनरल जॉर्ज हॅरिस, मूळचे पाद्र्याचे चिरंजीव. ४ मे १७९९ ला टिपू पडला तेव्हा इंग्रजी फौजेचे सेनापती हेच. मोहिमेतून घसघशीत वाटा मिळाला, घरी जाऊन बेलमाँटची इस्टेट घेतली. किताबाला मात्र १८१५ उजाडलं. नावात श्रीरंगपट्टण, मुक्काम केंटात. आपल्याकडेही अशी इनामदार मंडळी होतीच म्हणा.

चौथ्याचे वडील त्रिनिदादचे गव्हर्नर, म्हणून याचा जन्म तिकडचा. हे मी मुद्दाम सांगतोय. १९२२ साली वॉल्टर हॅमंड हा तरुण फलंदाज ग्लॉस्टरशायर काउंटीकडून खेळत होता, तर साहेबांनी हरकत घेतली: मुलगा जन्मला डोव्हरला, म्हणजे केंटचा, सबब अपात्र. बसवलं की त्याला घरी! आणि त्रिनिदादला जन्मलेले हे स्वतः केंटचे कर्णधार. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अगदी याच वळणाचे आहेत.

हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना समुद्रालगत जागा याच्याच कारकिर्दीत मिळाल्या, तेवढं पुण्य पदरात टाकू. पण ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल पेटली, माणसं मेली, तेव्हा गव्हर्नरसाहेब पुण्यात गणेशखिंडीच्या बंगल्यावर होते. मुंबईत उतरायला त्यांना बरेच दिवस लागले.

पुढे त्यांच्या मुलाने, पाचव्या लॉर्डने, बेलमाँटमध्ये तीनशेच्या वर घड्याळं जमवली. वडिलांचा उशीर भरून काढत असेल बिचारा.