एका चिपवर दोन फिल्टर : दुसरा बोर्ड आणि सोलापूरचा मे महिना

मॉड्युलर सिंथेसायझरसाठी मी दोन फिल्टरचे एक मॉड्यूल बनवत आहे. मागच्या नोंदीत त्याच्या पहिल्या बोर्डाचे सगळे डाग देऊन झाले होते आणि दोन्ही फिल्टरमधून आवाज येत होता. त्यानंतर तीन महिने गेले. आवाज येणे वेगळे आणि फिल्टर सुरात वाजवता येणे वेगळे, हे या काळात चांगलेच कळले. त्यामुळे ही नोंद थोडी लांबली आहे.

नव्या वाचकांसाठी रचना थोडक्यात सांगतो. मॉड्यूल युरोरॅक मापाचे आहे, म्हणजे डीटर डोफर यांच्या ए-100 मालिकेपासून रूढ झालेली 128.5 मिलिमीटर उंची, साडेतीन मिलिमीटरचे जॅक आणि अधिक-उणे 12 व्होल्टचा पुरवठा. रुंदी आठ एचपी ठेवली आहे. एक एचपी 5.08 मिलिमीटरचा असला तरी शेजारच्या पॅनेलला कड घासू नये म्हणून आठ एचपीचे पॅनेल प्रत्यक्षात 40.3 मिलिमीटरच कापतात. एवढ्या जागेत सहा पॉट (फिरवायचे नियंत्रक), आठ जॅक आणि दोन टॉगल बसवायचे म्हटल्यावर बोर्डाचे दोन मजले करावेच लागले : वरच्या मजल्यावर हाताला लागणाऱ्या वस्तू आणि खालच्या मजल्यावर सर्किट.

दोन्ही फिल्टर स्टेट-व्हेरिएबल जातीचे आहेत. केरविन, ह्यूल्समन आणि न्यूकम यांनी 1967 साली मांडलेल्या या रचनेत लो-पास, बँड-पास आणि हाय-पास (खालचे, मधले आणि वरचे सूर जाऊ देणारी) ही तिन्ही आउटपुटे एकाच वेळी मिळतात. त्यांतले हवे ते तीन स्थितींच्या टॉगलने निवडता येते. अशा फिल्टरसाठी बहुतेक जण एलएम13700 घेतात, आणि ती चिप उत्तमही आहे. परंतु तिच्यासोबत प्रत्येक फिल्टरला जुळलेल्या ट्रान्झिस्टरच्या जोडीचा, व्होल्टेजच्या समान पायऱ्यांना समान सप्तके देणारा एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर लागतो आणि तिथेच आठ एचपीचे गणित बिघडते. मी व्ही2164 घेतली. तिच्यात चार व्हीसीए (व्होल्टेजने नियंत्रित होणारे अँप्लिफायर) असतात आणि त्यांचे नियंत्रण मुळातच एक्स्पोनेन्शियल असते : दर डेसिबलला 33 मिलिव्होल्ट, म्हणजे एका सप्तकाच्या 6.02 डेसिबलना जवळजवळ 199 मिलिव्होल्ट. एका फिल्टरला दोन इंटिग्रेटर लागतात आणि प्रत्येकाला एक व्हीसीए, म्हणून एका चिपमध्ये बरोबर दोन फिल्टर बसतात. चारही व्हीसीए त्यातच खर्ची पडत असल्याने रेझोनन्सला (फिल्टरच्या सीमेजवळचे सूर किती उठावेत त्याला) व्होल्टेजचे नियंत्रण देता आले नाही, तो पॉटनेच फिरवावा लागतो. ही उणीव मी जाणूनबुजून पत्करली आहे, कारण माझ्या वाजवण्यात रेझोनन्स एकदा लावला की सहसा हलत नाही.

30 किलोओमचा रेझिस्टर आणि 330 पिकोफॅरडचा कपॅसिटर घेतला, की नियंत्रण व्होल्टेज शून्य असताना कटऑफ, म्हणजे फिल्टरची ही सीमा, सुमारे 16 किलोहर्ट्झला येतो आणि 2 व्होल्टला तो दहा सप्तके खाली, 16 हर्ट्झच्या आसपास उतरतो. कपॅसिटर मात्र सी-झीरो-जी या स्थिर किमतीच्या जातीचाच घ्यावा. तापमानाने आणि व्होल्टेजने किंमत बदलणारे स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर इथे घालून नंतर चिपला दोष देण्यात अर्थ नाही.

आता मुख्य अडचणीकडे येतो. माझी काम करण्याची खोली वरच्या मजल्यावर पत्र्याखाली आहे, आणि सोलापुरात मे महिन्यात पत्र्याखाली काय होते ते इथल्या वाचकांना सांगायला नको. सकाळी सहाला खोलीत 26 अंश होते. रेझोनन्स पूर्ण उघडून फिल्टर स्वतःच गाऊ लागेल असा ठेवला आणि कटऑफ 500 हर्ट्झला लावला. दुपारी तीनला, कोणत्याही पॉटला हात न लावता, त्याच खोलीत 41 अंशांना तोच सूर 588 हर्ट्झ भरला. हा फरक जवळपास पावणेतीन सेमीटोनचा आहे. सकाळी षड्ज लावून जेवायला जावे आणि परत येऊन पाहावे तो तो कोमल गंधाराच्या उंबरठ्यावर, असा प्रकार.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. 2164 च्या दर डेसिबलला 33 मिलिव्होल्ट या मापाचे मूळ ट्रान्झिस्टरच्या तापीय व्होल्टेजमध्ये आहे आणि ते व्होल्टेज निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दर अंशाला सुमारे 0.33 टक्के. पंधरा अंशांना पाच टक्के झाले. 500 हर्ट्झ हा सूर 16 किलोहर्ट्झच्या पाच सप्तके खाली आहे, आणि पाच सप्तकांचे पाच टक्के म्हणजे पाव सप्तक, तीन सेमीटोन. मोजलेला आकडा याच्या अगदी जवळ आहे. यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते, ती अशी की वरच्या सुरांत हा दोष फारसा जाणवत नाही आणि कटऑफ जितका खाली न्यावा तितका तो वाढत जातो. डिसेंबरात पहिला बोर्ड वाजवताना मला तो कसा दिसला नाही, याचेही उत्तर त्यातच आहे.

उपाय जुनाच आहे : तापमानाबरोबर त्याच प्रमाणात वाढणारा, 3300 पीपीएमचा (दर अंशाला दशलक्षात 3300 भाग, म्हणजे 0.33 टक्के) रेझिस्टर. पेच त्याच्या किमतीचा, म्हणजे ओमचा होता. असे रेझिस्टर एक-दोन किलोओमचे सहज मिळतात. नियंत्रणाची व्होल्टेजे एकत्र करणाऱ्या माझ्या बेरजेच्या ऑप-अँपला इनपुटला 100 किलोओम आणि फीडबॅकला 20 किलोओम होते. दोन किलोओमचा विशेष रेझिस्टर साध्या 18 किलोओमच्या जोडीला एकसर जोडला असता त्याचा परिणाम एकदशांशावर आला असता. म्हणून फीडबॅकमध्ये तो दोन किलोओमचा रेझिस्टर एकटाच ठेवला, इनपुटचा रेझिस्टर 10 किलोओमवर आणला, आणि एवढा कमी रोध समोरच्या मॉड्यूलला ओढून खाली आणू नये म्हणून सप्तकाच्या (दर सप्तकाला एक व्होल्टच्या) इनपुटला एक बफर दिला. त्यासाठी चार-चार ऑप-अँपच्या दोन टीएल074 चिपच्या जोडीला दोन ऑप-अँपची एक टीएल072 वाढली. ट्रिमर इनपुटच्या बाजूला आहे, त्यामुळे तो फिरवला तरी भरपाईचे प्रमाण बिघडत नाही. दोन्ही फिल्टरचे विशेष रेझिस्टर 2164 च्या पाठीवर उष्णतावाहक पेस्ट लावून टेकवले आहेत. एकाच चिपवर दोन्ही फिल्टर असण्याचा हा अनपेक्षित फायदा म्हणायचा. नवा बोर्ड त्याच तापमानांना तपासला तेव्हा 500 चे 507 हर्ट्झ झाले, म्हणजे सुमारे 24 सेंट (शंभर सेंटचा एक सेमीटोन). तंबोऱ्याला हे चालणार नाही, फिल्टरला चालते.

दुसरी तक्रार जास्त चकवणारी निघाली. दोन्ही फिल्टर गात ठेवून त्यांचे सूर तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांसारखे एकमेकांजवळ आणत होतो. सेकंदाला चार विस्पंद, मग तीन, मग दोन, आणि त्यानंतर विस्पंद मंदावण्याऐवजी एकाएकी नाहीसेच होत. पॉट किंचित पुढे-मागे केला तरी दोन्ही सूर एकमेकांना चिकटून राहत. एकाचे दुसऱ्यात काहीतरी झिरपत होते हे उघड होते. चिपमधल्या चॅनेलांचे एकमेकांपासूनचे अंतर 100 डेसिबलहून जास्त असल्याने तिच्यावर संशय घेणे मी टाळले, तरीही दोन रविवार टीएल074 बदलून पाहण्यात गेलेच.

दोष निघाला पातळी दाखवण्यासाठी हौसेने लावलेल्या एलईडींत. आउटपुट वर गेले की प्रत्येकीतून सुमारे 5 मिलिअँपिअर वाहतात आणि ज्या ग्राउंडच्या रेषेतून ते परत येतात तीच रेषा नियंत्रणाच्या ऑप-अँपचाही आधार होती. रेषा पाव मिलिमीटर रुंद आणि सुमारे 100 मिलिमीटर लांब, म्हणजे नेहमीच्या जाडीच्या तांब्यात 0.2 ओम, 5 मिलिअँपिअरला 1 मिलिव्होल्ट. एरवी 1 मिलिव्होल्टकडे कोणी पाहणार नाही, परंतु जिथे 199 मिलिव्होल्टला एक सप्तक होते तिथे 1 मिलिव्होल्ट म्हणजे 6 सेंट, आणि तेही समोरच्या फिल्टरच्या सुराच्या तालावर हलणारे. एलईडीचे पाय कापताच विस्पंद तीन सेकंदांना एक इतके संथ झाले. दुसऱ्या बोर्डावर एलईडींचे ग्राउंड थेट पॉवर कनेक्टरपर्यंत वेगळे नेले आहे आणि दोन मजल्यांमधल्या हेडरमध्ये ग्राउंडसाठी एकाऐवजी चार पिना दिल्या आहेत.

एवढ्या खटाटोपानंतर दोन फिल्टर शेजारी असण्याचा खरा उपयोग पाहायला मिळाला. दुसऱ्या फिल्टरच्या इनपुटला काही जोडले नसेल तर पहिल्याचेच इनपुट आपोआप मिळते, त्यामुळे दोन्ही बँड-पासवर ठेवून आउटपुटे मिक्सरमध्ये एकत्र केली की स्वर बोलतात. 730 आणि 1090 हर्ट्झला ‘आ’ येतो, 270 आणि 2290 ला ‘ई’. ‘आ’ मधले दोन सूर एकमेकांपासून जेमतेम सात सेमीटोनांवर आहेत आणि ‘ई’ मधले तीन सप्तकांहून दूर, म्हणूनच दोन्ही कटऑफ स्वतंत्र असल्याशिवाय हे साधत नाही. कच्चा आवाज म्हणून मी शेजारच्या शेडमधल्या यंत्रमागाचे ध्वनिमुद्रण वापरले. त्याच्या खडखडाटात खालपासून वरपर्यंत सगळेच भरलेले असते आणि फिल्टरला असलेच खाद्य लागते. शेडच्या मालकांना, अण्णांना, तो आवाज ऐकवला. त्यांनी हेडफोन काढून आधी आपल्या मागांकडे पाहिले आणि म्हणाले, “आमचा माग कधीपासून रडायला लागला?”

त्या शेडची आणखी एक भेट : सुताची तूस. दुसऱ्या फिल्टरचा आवाज मधूनच जाऊ लागला तेव्हा मी पुन्हा ग्राउंड शोधत बसलो होतो, आणि अखेर टॉर्च धरून पाहिले तर इनपुट जॅकच्या स्विचच्या पात्यात पांढऱ्या तुसाचा बारीक बोळा अडकलेला होता. आता न वापरलेल्या जॅकना टोप्या घालून ठेवतो.

राहिलेले काम असे. पाच किलोहर्ट्झच्या वर रेझोनन्स आपणहून वाढतो आणि पॉट पूर्ण फिरण्याआधीच फिल्टर गाऊ लागतो. इंटिग्रेटरमधल्या ऑप-अँपचा फेजचा उशीर त्याला कारणीभूत आहे, आणि त्यावर काही पिकोफॅरडचा कपॅसिटर कुठे द्यावा याच्या दोन जागा तपासत आहे. पॅनेल अजून पुठ्ठ्याचेच आहे. ॲल्युमिनियमचे पॅनेल कापायला देण्याआधी पॉटमधले अंतर एका मिलिमीटरने वाढवणार आहे, कारण सध्या रेझोनन्स फिरवताना माझी तर्जनी दर वेळी कटऑफला लागते.