22 इंचांची वाट

इंग्लंडमधील लिंकन शहरात राहायला आल्यावर पहिले काही महिने मला कॅनविकच्या टेकडीवरचा तो तांबूस, निमुळता सुळका एखाद्या जुन्या कारखान्याचे धुराडे वाटत असे. पुढे एका रविवारी सहज चढून गेले, तेव्हा कळले की ते स्मारक आहे, आणि त्याची 31.09 मीटर ही उंची कोणा वास्तुकाराच्या लहरीने ठरलेली नाही. दुसऱ्या महायुद्धातील लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी बरोबर तेवढीच होती. म्हणजे ते विमानच जणू उभे करून ठेवले आहे. सुळक्याभोवती गंजलेल्या रंगाच्याच पोलादी भिंती आहेत आणि त्यांवर अक्षरे आरपार कापून सुमारे 58,000 नावे लिहिलेली आहेत. अक्षरे आरपार असल्यामुळे मागचे आभाळ त्यांतून दिसते, आणि नातेवाईक त्या फटींत पॉपीचे, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचे, कागदी लाल फूल खोचून जातात. एका नावाच्या 'ओ'मध्ये पावसाने भिजून गुलाबी पडलेले असेच एक फूल होते.

ही नावे बॉम्बर कमांडमधील, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या विभागातील, माणसांची आहेत. लिंकनशायर हा सपाट, शेतीचा जिल्हा. उत्तर समुद्र जवळ आणि पलीकडे जर्मनी. त्यामुळे युद्धकाळात येथे दोन डझनांहून अधिक बॉम्बर तळ उभे राहिले आणि 'बॉम्बर काउंटी' हे नाव जिल्ह्याला कायमचे चिकटले. आजही कोबीच्या आणि बटाट्याच्या शेतांतून गाडी चालवताना मध्येच काँक्रीटचा रुंद, तडे गेलेला पट्टा लागतो. ती जुनी धावपट्टी असते आणि बहुधा तिच्यावर कोंबड्यांच्या शेडी उभ्या असतात.

आकडे सांगून टाकते, कारण त्यांच्याशिवाय पुढचे कळणार नाही. बॉम्बर कमांडमध्ये विमानातून उडणारी माणसे सुमारे सव्वा लाख होती आणि त्यांतील 55,573 मारली गेली, हा नेहमी दिला जाणारा आकडा. भिंतींवर नावे त्याहून अधिक आहेत, कारण नंतरच्या संशोधनात यादी वाढत गेली. म्हणजे उडणाऱ्या दर शंभरांतले चव्वेचाळीस गेले. सरासरी वय बावीसच्या आसपास, आणि सगळे स्वेच्छेने आलेले. त्यांत इंग्रज होते तसे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचे हजारो तरुण होते. आपल्याकडील नावे शोधू लागले तर ती वेगळ्याच ठिकाणी सापडली: मद्रास प्रांताने दिलेल्या देणगीपोटी 35 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला, म्हणजे विमानांच्या तुकडीला, 'मद्रास प्रेसिडेन्सी' हे नाव मिळाले होते आणि 149 क्रमांकाची स्क्वाड्रन 'ईस्ट इंडिया' म्हणून ओळखली जाई. 'सिटी ऑफ बॉम्बे' नावाचीही एक स्क्वाड्रन होती, पण ती लढाऊ विमानांची.

प्रत्येकाला तीस मोहिमांची एक पाळी पुरी करावी लागे, मग काही महिने विश्रांती. दर मोहिमेला शंभरांतली चार विमाने परतत नाहीत असे धरले, तर ऐकायला ते फार वाटत नाही. मी मोबाइलवर गणित करून पाहिले. तीस वेळा शंभरांतले शहाण्णवच परतायचे, तर शेवटी शंभरांतले एकोणतीस उरतात. नुकसान पाच टक्क्यांवर गेले की एकवीस. आणि काही रात्री हा हिशेबही कोलमडत असे. 30 मार्च 1944 च्या रात्री न्यूरेंबर्गकडे 795 विमाने निघाली, आकाशात अर्धा चंद्र होता, ज्या ढगांच्या आडोशाची अपेक्षा होती ते वाटेत नव्हते, आणि 95 विमाने परतली नाहीत. त्याआधी 16 डिसेंबर 1943 रोजी बर्लिनच्या मोहिमेत 25 लँकेस्टर गमावली गेली, आणि जी इंग्लंडपर्यंत पोहोचली त्यांतली आणखी तीसेक घरच्या धुक्यात, उतरण्याची जागा शोधता शोधता कोसळली किंवा सोडून द्यावी लागली. बर्लिनहून सुखरूप यायचे आणि आपल्याच गावाच्या शिवारात आपटायचे, याला काय म्हणावे ते मला कळत नाही.

येथून तासाभराच्या अंतरावर ईस्ट कर्कबी येथे जुन्या तळावर 'जस्ट जेन' नावाचे लँकेस्टर ठेवले आहे. पँटन आडनावाच्या दोघा शेतकरी भावांनी हे संग्रहालय उभारले. त्यांचा थोरला भाऊ त्याच न्यूरेंबर्गच्या रात्री हॅलिफॅक्स विमानात मारला गेला होता. हे लँकेस्टर एप्रिल 1945 मध्ये तयार झाले, म्हणजे युद्धात त्याने एकही बॉम्ब टाकला नाही, आणि आज ते शाबूत आहे त्याचे हेही एक कारण. अशी 7,377 विमाने बांधली गेली आणि जवळजवळ निम्मी मोहिमांत गेली. मैदानात उभे असलेले विमान प्रचंड दिसते. आत शिरल्यावर मात्र कळते की ती सगळी जागा बॉम्ब, पेट्रोल आणि चार इंजिनांसाठी आहे, माणसांना उरलेली वळचण दिली आहे. मधोमध पंखांना जोडणारी जाड तुळई आडवी आलेली आहे. मी साधी पँट आणि स्वेटर घालून ती ओलांडली तरी गुडघा सोलला. त्यांना ती जाड कपडे, बूट आणि पट्टे अंगावर घेऊन, अंधारात, कधी विमान गिरक्या घेत असताना ओलांडावी लागे. शेपटातल्या गनरच्या घुमटीत तर पॅराशूटलाही जागा नव्हती; ते मागे भिंतीला अडकवलेले असे, आणि उडी मारायची वेळ आली की आधी वळून ते हाती घ्यायचे.

पुढच्या भागातून निसटण्याचा मार्ग म्हणजे नाकाच्या तळाशी असलेले झाकण. मार्गदर्शन करणाऱ्या आजोबांनी खाली वाकून ते दाखवले. रुंदी 22 इंच. हॅलिफॅक्समध्ये हेच झाकण 24 इंचांचे होते. घरी येऊन मी शिलाईची टेप काढली: आमचे वॉशिंग मशीन जवळजवळ 24 इंच रुंद आहे, म्हणजे त्याहूनही अरुंद भोकातून पाठीवर किंवा छातीवर पॅराशूट बांधलेला माणूस बाहेर पडणार. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावलेले फ्रीमन डायसन तेव्हा विशीही न गाठलेले, बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात आकडेमोड करणारे तरुण होते. त्यांनी लिहून ठेवले आहे की, पाडल्या गेलेल्या अमेरिकी विमानांतून निम्मी माणसे जिवंत सुटत, हॅलिफॅक्समधून पाव, आणि लँकेस्टरमधून शंभरांत पंधरा. झाकण मोठे करावे म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने वरिष्ठांचा पिच्छा पुरवला. निर्णय झाला तोवर युद्ध संपत आले होते. दोन इंच पत्रा. आपल्याकडे अशा वेळी 'नशिबात होते' म्हणून मोकळे होतात. हे नशिबात नव्हते, विमानाच्या आराखड्यावर होते आणि कुणाच्या तरी टेबलावर पडून होते.

पोटाखालच्या आंधळ्या बाजूचेही तसेच. जर्मनांनी रात्रीच्या लढाऊ विमानांत तिरप्या, वर रोखलेल्या तोफा बसवल्या, गमतीने त्यांना 'श्रेगे मुझीक', म्हणजे वाकडे संगीत, हे जॅझचे टोपणनाव दिले, आणि ते अंधारात खालून येऊन पंखातल्या पेट्रोलच्या टाकीवर नेम धरू लागले. बहुतेक लँकेस्टरना खाली पाहणारी बंदूक नव्हती. खालून कोणी येते आहे हेच न कळता विमान पेटत असे, आणि पाहिलेले सांगायला सहसा कोणी परतत नसे. आजूबाजूच्या विमानांतील लोकांना आकाशात अचानक मोठा भडका दिसे. त्यांच्यात समजूत पसरली होती की ही जर्मनांची 'बुजगावणी' आहेत, घाबरवण्यासाठी सोडलेले, विमान फुटल्यासारखे दिसणारे गोळे. तसले गोळे कधी अस्तित्वातच नव्हते. दिसत होती ती त्यांचीच विमाने.

विमानातले सातही जण एकदम जात, ही गोष्ट मला सर्वांत जड वाटते, कारण हे सात जण एकमेकांनी निवडलेले असत. प्रशिक्षणाच्या तळावर सगळ्यांना एका हँगरमध्ये सोडून देत आणि सांगत, आपापली जमवाजमव करा. ना पत्रिका, ना मध्यस्थ. एखादा पायलट चेहरा बरा वाटला म्हणून नॅव्हिगेटरला विचारी, तो आपल्या ओळखीचा गनर घेऊन येई. इंजिनिअर आणि उरलेला गनर नंतर, मोठी विमाने शिकताना येऊन मिळत. मग हे सात जण एकत्र जेवत, एकत्र पबात जात, एकाच झोपडीत झोपत. मोहिमेवर जाणाऱ्यांना अंडे मिळे, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये अंडे ही चैन होती. 'तू नाही आलास तर तुझे अंडे मी खाऊ का?' हा त्यांचा नेहमीचा विनोद. सकाळी खाटा रिकाम्या राहिल्या की 'कमिटी ऑफ अॅडजस्टमेंट' असे सौम्य नाव असलेली माणसे येत, सामान बांधत, आणि घरच्यांना वाचून त्रास होईल अशी पत्रे आधीच बाजूला काढत. संध्याकाळपर्यंत त्याच खाटांवर नवे सात जण असत.

या सगळ्या गोष्टी लिहिताना हे विसरता येत नाही की ती विमाने रिकामी जात नव्हती. जुलै 1943 च्या अखेरीस हँबुर्गवरच्या हल्ल्यांत आणि त्यांतून उठलेल्या आगीच्या वादळात सुमारे सदतीस हजार माणसे गेली, फेब्रुवारी 1945 मध्ये ड्रेस्डेनमध्ये सुमारे पंचवीस हजार, त्यांत बायका, मुले, म्हातारी. त्यामुळेच युद्धानंतर ब्रिटनला या मुलांचे काय करावे ते कळेना. लंडनमधील त्यांचे स्मारक थेट 2012 मध्ये झाले. पण शहर निवडणारे एकीकडे होते आणि त्या झाकणातून बाहेर पडता न आलेला गनर दुसरीकडे, हे मला तरी वेगळे ठेवावेसे वाटते.

युद्ध थांबले तेव्हा हवाई दलाचे सुमारे 42,000 जण बेपत्ता होते. शोधपथके कित्येक वर्षे युरोपभर हिंडली, गावकऱ्यांना विचारत, थडगी उघडत; तरीही वीस हजारांहून अधिक नावे लंडनजवळच्या रनीमीड येथील स्मारकाच्या भिंतीवर गेली, ज्यांना कबर नाही अशांच्या. नेदरलँड्सने अलीकडे आपल्या जमिनीतली आणि पाण्यातली अशी विमाने सरकारी खर्चाने वर काढायला घेतली आहेत. 2020 मध्ये मार्करमेर सरोवराच्या गाळातून स्टर्लिंग जातीचे बीके 716 क्रमांकाचे बॉम्बफेकी विमान बाहेर काढले. ते मार्च 1943 मध्ये बर्लिनहून परतताना सात जणांसह नाहीसे झाले होते. आधी ते दुसरेच विमान समजले गेले होते. ओळख पटली ती गाळात सापडलेल्या सिगारेटच्या डबीवरून, जिच्यावर एका मुलाची आद्याक्षरे कोरलेली होती.