तक्रारीसाठी संपर्क

सिनेमागृहाच्या दारात एक पांढरा बोर्ड असतो, कमीत कमी 60 बाय 30 सेंटिमीटरचा. ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे’ असं त्यावर लिहिलेलं असतं आणि तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नावही. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघत नाहीत. मला मात्र रोज बघावा लागतो, कारण गोव्यातल्या ज्या थिएटरात मी मॅनेजर आहे, तिथल्या बोर्डावरचं नाव माझं आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर लागू झालेल्या नियमांप्रमाणे, तक्रार आली आणि मी काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड माझ्यावर बसू शकतो.

सिगारेटवरच्या निर्बंधांचं अती झालंय की नाही, हा वाद आमच्या लॉबीत बारा महिने चालू असतो. पडद्याच्या तळाशी तंबाखूच्या इशाऱ्याची पट्टी आली की आत कुणीतरी ‘च्च’ करतं, इंटरव्हलला दुसरं कुणी मला अडवून विचारतं की ही कटकट कधी थांबणार. मी ऐकून घेतो. पण श्रावणातल्या एका दिवशी या वादाच्या दोन्ही बाजू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि तेव्हापासून मला त्यावर गप्प बसवत नाही.

श्रावणात दुपारच्या शोला गर्दी नसते. त्या दिवशी डिचोलीकडच्या एका गावातल्या बायका मिनीबस करून मराठी सिनेमाला आल्या होत्या. केसांत गजरे, हातात लाडवांचे डबे. डबे काउंटरवर ठेवून घेतले तेव्हा थोडी कुरकुर झाली, तेवढीच. सिनेमा घरगुती होता. त्यात तंबाखूचा संबंध एवढाच, की एका प्रसंगात चहाच्या टपरीमागे एक म्हातारा विडी ओढताना दिसतो. पुरती नजर जाण्याआधी तो निघूनही जातो. पण तेवढ्याने सगळे नियम लागू होतात. सुरुवातीला किमान 30 सेकंदांची आरोग्यविषयक जाहिरात, 20 सेकंदांचं निवेदन, सिनेमाच्या मध्यावर हे सगळं पुन्हा, आणि विडी दिसते आहे तोवर तळाशी इशाऱ्याची पट्टी. हे सगळं सिनेमाबरोबरच येतं, त्यातलं काही गाळायचा अधिकार आम्हाला नाही.

दिवे मालवून थोडा वेळ झाला असेल, एक बाई दार ढकलून बाहेर आल्या. पन्नाशीच्या पुढच्या असाव्यात. भिंतीचा आधार घेत बाकापर्यंत आल्या आणि बसल्या. मला वाटलं, उपास असेल, चक्कर आली असेल. पाणी दिलं तर ग्लास हातात धरवेना, अर्धं पाणी पदरावर सांडलं.

“काकी, डॉक्टरांना बोलावू का?”

“नको रे बाबा. आत ते तोंड दाखवलं ना, ते बघवलं नाही.”

मग हळूहळू बोलायला लागल्या. त्यांच्या यजमानांनी विडी-सिगारेट कधी ओढली नव्हती, पण तंबाखू आणि चुना दिवसभर तळहातावर असायचा. जबड्याचं ऑपरेशन बांबोळीच्या सरकारी इस्पितळात झालं, पुढे मुंबईला टाटामध्ये नेलं. घरी आणल्यावर जखम धुवायचं काम काकींचं. इथे गालाला भोक होतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवून मला जागा दाखवली. पाणी पाजलं की ते तिथून बाहेर यायचं, म्हणून एका हातात चमचा आणि दुसऱ्या हाताने तिथे फडकं दाबून धरायचं. कुणी पाहुणं आलं तर यजमान भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. वर्षश्राद्ध झालं, तेव्हा नणंद म्हणाली, चल, जरा चार माणसांत येशील. म्हणून त्या आल्या होत्या.

ती जाहिरात मला पाठ आहे. आवाजाच्या चढउतारावरून दाराबाहेर उभा राहून मी सांगू शकतो, आता कुठपर्यंत आली. पण ती बघून काय होतं, हे इतक्या जवळून मी त्या दिवशी पाहिलं.

त्यांनी एकच विचारलं, “मध्ये परत दाखवतील का?”

दाखवणारच होते. इंटरव्हल संपल्यावर त्या बाकावरच थांबल्या, मी दाराशी कान देऊन उभा राहिलो आणि जाहिरात संपल्यावर त्यांना टॉर्च दाखवत आत नेऊन बसवलं. सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. जाताना नणंदेला पुढे पाठवून माझ्याकडे आल्या. मला वाटलं होतं, ही जाहिरात बंद करा म्हणतील. म्हणाल्या, “ती काढू नका हां. बघून एकाने जरी सोडली तरी पुष्कळ झालं. पण तिकीट देतानाच सांगत जा, असं असं येणार आहे म्हणून. आमच्यासारखी माणसं तेवढा वेळ बाहेर बसतील.”

त्यांच्या बाजूला मी पूर्णपणे नाही, ते पुढे सांगतो. आधी संध्याकाळचं सांगायला हवं.

संध्याकाळच्या शोला इंटरव्हल झाला आणि आमच्या सफाईच्या मावशी तडक माझ्या केबिनमध्ये आल्या. पुरुषांच्या टॉयलेटात तिघं जण सिगारेट ओढत उभे आहेत, म्हणाल्या. हे नवीन नव्हतं. एरवी मी जातो, विझवायला लावतो, माणसं ‘सॉरी’ म्हणून निघून जातात. त्या दिवशी मावशींनी तक्रारवही समोर सरकवली.

“बोर्डार तुजें नांव आसा न्हय? मागीर बरय.” बोर्डावर तुझं नाव आहे ना, मग लिही.

मावशींना दमा आहे. टॉयलेटला खिडकी म्हणजे वर एक झडप, तीही पावसाळ्यात बंद. गर्दी ओसरल्यावर मॉप घेऊन त्या आत शिरतात तेव्हा धूर तिथेच असतो, आणि त्याच हवेत त्यांना वाकून लाद्या घासायच्या असतात. तिकीट काढून आलेल्या माणसाला तिथे दोन मिनिटं काढायची असतात. मावशींची तिथे सगळी पाळी जाते. मी तक्रार लिहिली, त्यांनी खाली अंगठा नाही, सही केली, पूर्ण नावाची.

ती माणसं चांगल्या घरची, शिकलेली, पणजीत नोकरी करणारी, मराठी बोलणारी. मी बाहेर बोलावलं तर त्यांच्यातल्या एकाने पाचशेची नोट काढली. “दोनशेच दंड ना? हे घ्या. उरलेल्यात अजून एक ओढतो.” कायद्यात दंड 200 रुपयांपर्यंतच आहे, हे त्यांना नीट ठाऊक होतं. केंद्राच्या 2003 च्या तंबाखू कायद्यातला हा आकडा. पिक्चरच्या तिकिटाहून कमी असलेल्या या रकमेला भरल्या खिशाचा माणूस भीत नाही, तो ती सिगारेट ओढायची फी समजतो.

मी नोट घेतली नाही. पोलिसांना फोन करतो आणि तिघांना पुन्हा आत सोडणार नाही, असं सांगितलं. तेव्हा खरी बोलाचाली सुरू झाली. सगळी लॉबी ऐकत होती. ते म्हणाले, “सिनेमात पट्टी, सिनेमाच्या आधी ते सडलेलं तोंड, आता मोबाइलवरच्या सिरीयलमध्येसुद्धा पट्टी, आणि इथे टॉयलेटमध्ये तुम्ही. माणसाने जगायचं की नाही? या गोव्यात दारू चालते, मांडवीत कॅसिनो चालतात, सिगारेट तेवढी पाप?”

आजूबाजूच्या दोघातिघांनी मान डोलावली. ते सिगारेट ओढणारे नव्हते. त्यांना पट्टीचा वैताग होता. तो वैताग त्यांनी टॉयलेटात धूर करणाऱ्याच्या पदरात टाकला. तिथेच मला लख्ख दिसलं, की पडद्यावरचा अतिरेक प्रत्यक्षातली बंदी कमजोर करतो. लोकांची सहनशक्ती आपण कुठे खर्च करतो, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला नाही.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅसिनोत कुणी पैसे घालवले तर त्याच्या घरावर संकट येईल, पण ते मावशींच्या छातीत जात नाहीत. धूर जातो. म्हणून बंद जागेतल्या धूम्रपानावरची बंदी मला तसूभरही जास्त वाटत नाही. उलट ती कमी पडते. 30 खोल्यांच्या हॉटेलात, 30 जणांची बसायची सोय असलेल्या रेस्टॉरंटात वेगळी धूम्रपानाची जागा ठेवायला नियम मुभा देतात. तिथेही कुणीतरी झाडू मारतच असेल. गोव्याने तर हे देशाच्या आधी ओळखलं होतं. धूम्रपान आणि थुंकणं यांना बंदी घालणारा आपला कायदा 1997 चा, केंद्राच्या कायद्याच्या सहा वर्षं आधीचा. 2016-17 च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात देशात 28.6 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते, गोव्यात 9.7 टक्के. याचं सगळं श्रेय कायद्याला द्या असं मी म्हणत नाही. पण इथल्या माणसाला हा नियम परका नाही, एवढं नक्की.

पडद्याचं वेगळं आहे. 2005 मध्ये अंबुमणी रामदॉस आरोग्यमंत्री असताना केंद्राने सिनेमात धूम्रपान दाखवायलाच सरसकट बंदी घातली. महेश भट्ट कोर्टात गेले आणि जानेवारी 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अखेर 2 ऑक्टोबर 2012 पासून आजची ही जाहिरात-निवेदन-पट्टीची पद्धत आली. 2013 मध्ये अमेरिकन दिग्दर्शक वुडी ॲलनने आपल्या ‘ब्लू जॅस्मिन’मध्ये पट्टी घालायला नकार दिला आणि तो सिनेमा आपल्याकडे लागलाच नाही. 1 सप्टेंबर 2023 पासून ओटीटीलाही हेच लागू झालं.

पडद्यावर सिगारेट बघून पोरं ओढायला लागतात, हे खोटं नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, 2012 च्या अहवालात तसा स्पष्ट निष्कर्ष आहे, आणि पडद्यावरच्या हिरोसारखी सिगारेट धरणारी कॉलेजची पोरं मी आमच्याच पायऱ्यांवर पाहतो. त्यासाठी सुरुवातीला एकदा ठसठशीत सूचना द्या. हिरो ऐटीत धूर सोडतो, तो सिनेमा मोठ्यांपुरता ठेवा. पण टपरीमागच्या म्हाताऱ्यासाठी दोनदा जखमा दाखवायच्या आणि भर प्रसंगात माणसाचं लक्ष ओढून पट्टीवर न्यायचं, हे मला पटत नाही. पट्टी आली की ज्यांची नजर गेली नसती त्यांचीही नजर विडीवर जाते. आत टॉर्च घेऊन उभा असताना मी हे रोज बघतो.

मग हे इतकं का टिकून आहे? माझं उत्तर सरळ आहे. पडदा ताब्यात ठेवणं सोपं आहे. प्रत्येक निर्मात्याला सर्टिफिकेटसाठी एकाच खिडकीवर यावं लागतं, तिथे त्याला अडवता येतं. टॉयलेटातल्या माणसाला अडवायला दुसऱ्या माणसाने उठून जावं लागतं, भांडावं लागतं, गिऱ्हाईक तोडावं लागतं. आणि ज्या काकींना आणखी काही सांगायची गरज नव्हती त्यांच्या वाट्याला ती जाहिरात येते. ज्यांनी बघायला हवी ते शो सुरू होताना पायऱ्यांवर शेवटचे झुरके घेत असतात, कारण सिनेमा खरा किती वाजता सुरू होतो हे त्यांना माहीत असतं.

काकींच्या मताशी मी इथे फारकत घेतो. एकाने सोडली तरी पुष्कळ, असं त्या म्हणाल्या. त्या दुःखातून बोलणाऱ्या माणसाला मी उत्तर द्यायला गेलो नाही. पण त्यांच्यासारखी हजारो माणसं पुन्हा त्या जखमेसमोर बसवून तो एक मिळवायचा, आणि दुसरीकडे दंड तोच 200 ठेवायचा, हा हिशेब मला मान्य नाही.

पोलीस आले तोवर सिनेमा संपत आला होता. पावती फाडली गेली. तिघांना मी शेवटपर्यंत आत सोडलं नाही. मावशी तेवढा वेळ मॉप हातात धरून जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या, हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. कोणीतरी आधीच फोन केला होता. मी वही समोर ठेवली, बोर्डावरचा नियम दाखवला आणि दोन गोष्टी मागितल्या. पहिली, ज्या सिनेमाला ही जाहिरात आहे त्याची सूचना तिकीट खिडकीवर लावायची. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला, आणि आता ती पाटी शोप्रमाणे बदलते. तिकीट देणारी मुलगी वयस्क माणसांना तोंडानेही सांगते. काहीजण खरंच बाहेर थांबतात. दुसरी, टॉयलेटात सिगारेट ओढताना सापडलेल्याला उरलेल्या शोला परत प्रवेश नाही आणि पैसेही परत नाहीत. यावर ते अडले. आठवड्यातल्या इतर दिवशी चालेल, म्हणाले, शनिवार-रविवार नको, गर्दीत भांडणं होतील. मावशींना शनिवार-रविवारीच जास्त धूर गिळावा लागतो, हे मी त्यांना सांगितलं आहे. टॉयलेटला एक्झॉस्ट बसवायचं मात्र त्यांनी मान्य केलं, गणपतीनंतर माणूस येणार आहे. शनिवार-रविवारचा प्रश्न मी सोडलेला नाही, या महिन्याच्या हिशेबाला बसू तेव्हा पुन्हा काढणार आहे.