साताऱ्यातून ‘चंद्रा’च्या गाळणीचे अंशांकन : माझा अनुभव

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या मुख्य शोधकापुढच्या गाळणीवर साचत गेलेल्या थराच्या अंशांकनाचा, म्हणजे तो किती क्ष-किरण अडवतो हे मोजण्याचा, विषय घेतला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव धारण करणारी ही दुर्बीण जुलै १९९९ मध्ये अवकाशात गेली. प्रकल्प दुर्बिणीचा असला तरी माझ्याकडे होता तो साताऱ्यातल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला एक संगणक आणि पुण्याहून मार्गदर्शन करणारे सर. दुर्बिणीतून बघायला मी रात्री अजिंक्यताऱ्यावर जाते का, असे घरमालकीणकाकूंनी अनेकदा विचारले, आणि सगळी निरीक्षणे जुनी असून ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात हे उत्तर त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

अडचण अशी की ‘एसिस’ या मुख्य शोधकातील सीसीडी चकत्या (डिजिटल कॅमेऱ्यात असतात तशा प्रकाशसंवेदी चकत्या) क्ष-किरणांप्रमाणेच साध्या प्रकाशालाही प्रतिसाद देतात, म्हणून त्यांच्यापुढे पॉलिइमाइड आणि ॲल्युमिनियम यांची, अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ अशी गाळणी बसवलेली आहे. सीसीडी उणे १२० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि गाळणी सुमारे उणे ६० अंशांवर असल्याने यानातून सुटणारी सेंद्रिय बाष्पे या थंड पापुद्र्यावर गोठून बसतात. या थरात प्रामुख्याने कार्बन असून थोडा ऑक्सिजन आणि फ्लोरिनही आहे. कडा मध्यापेक्षा थंड असल्यामुळे तिथे थर जास्त जाड आहे. गाळणी तापवून तो उडवून लावण्याचा विचार झाला होता. पण सुरुवातीच्या महिन्यांत प्रोटॉनांच्या माऱ्याने काही सीसीडी आधीच दुखावल्या होत्या, तापवल्याने त्यांची स्थिती आणखी बिघडण्याचा धोका होता, आणि उडालेला थर पुन्हा कुठे जाऊन बसेल याचीही खात्री नव्हती. त्यामुळे थर तसाच ठेवून त्याची जाडी मोजत राहणे एवढाच मार्ग उरला.

मोजण्यासाठी मी लहान मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतील ‘ई०१०२’ हा अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा, अवशेष निवडला. त्याच्या वर्णपटात ऑक्सिजन आणि निऑन यांच्या ठळक रेषा आहेत, लोहाच्या रेषांची गर्दी जवळजवळ नाही, आणि दुर्बिणीच्या आयुष्याच्या मानाने तो बदलत नाही म्हटले तरी चालते. शिवाय निरनिराळ्या क्ष-किरण दुर्बिणींवर काम करणाऱ्यांनी मिळून त्याच्या वर्णपटाचे एक प्रमाण प्रारूप ठरवले आहे, आणि ते मुख्यत्वे ‘एक्सएमएम-न्यूटन’ या दुसऱ्या क्ष-किरण दुर्बिणीच्या जालक-वर्णपटमापकाच्या आधारे उभे आहे, म्हणजे ‘चंद्रा’वरच्या थरावर ते विसंबून नाही. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मला पुढे कळले.

निरीक्षणे निवडण्यातच बराच काळ गेला. पूर्ण चौकटीत सीसीडी सुमारे ३.२ सेकंदांनी वाचली जाते आणि तेवढ्यात तेजस्वी उगमाचे दोन फोटॉन एकाच ठिकाणी पडले तर ते एकच, जास्त ऊर्जेचे, म्हणून नोंदले जातात. म्हणून चकतीची मोजकीच पट्टी, आणि त्यामुळे लवकर लवकर, वाचलेली निरीक्षणे घेतली, आणि थर सर्वत्र सारखा नसल्याने अवशेष चकतीवर साधारण एकाच जागी पडला आहे, हेही पाहिले. ‘चंद्रा’च्या निरीक्षणांवर प्रक्रिया करणारी ‘सियाओ’ ही संगणकप्रणाली बसवणे आणि नव्या अंशांकन-संचासह माहितीवर पुन्हा प्रक्रिया करणे यात सांगण्यासारखे फारसे नाही. पावसाळ्यात वीज जायची आणि अर्धवट उतरलेल्या फायली पुन्हा मागवाव्या लागायच्या, एवढेच.

खरे काम त्यापुढचे. एस-३ या सीसीडी चकतीसाठी मी प्रत्येक निरीक्षणाच्या दोन प्रतिसाद-फायली (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन नोंदले जातील हे सांगणाऱ्या) बनवल्या : एक थराच्या अधिकृत प्रारूपासह, दुसरी थर वगळून. पहिलीला दुसरीने भागले की प्रत्येक ऊर्जेला थरातून किती अंश पार जातो, हे थेट मिळते. मग थर वगळलेली फाइल वापरून प्रमाण प्रारूपानुसार ०.६५४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ऑक्सिजन रेषेत किती फोटॉन यायला हवेत ते काढले, प्रत्यक्ष आलेल्या संख्येला त्याने भागले, आणि त्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगचे चिन्ह उलटवून थराची प्रकाशीय जाडी मिळवली. ही जाडी १ असेल तर सुमारे ३७ टक्के फोटॉन पोचतात, २ असेल तर १४ टक्क्यांच्या आत आणि ३ असेल तर जेमतेम ५ टक्के. म्हणजे जाडीत ०.१ची चूक ही तेजस्वितेत दहा टक्क्यांची चूक ठरते. १.०२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची निऑन रेषा मात्र याच थरातून पुष्कळ सुखरूप येते, म्हणून ती मी तुलनेचा आधार मानली.

सुरुवातीच्या वर्षांतली आणि अलीकडची जाडी अधिकृत आकड्यांशी समाधानकारक जुळली, तेव्हा सरांनी विचारले, “थराचे प्रारूप बनवणाऱ्यांनी याच अवशेषावर ते तपासले असेल, तर तुझे जुळणे कशाचा पुरावा आहे?” प्रश्न बिनतोड होता. मग मी दुर्बिणीतल्याच लोह-५५च्या किरणोत्सारी उगमाकडे वळले. त्यातून मँगनीजच्या ५.९ आणि सुमारे ०.६७ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या रेषा निघतात. उगम क्षीण होत गेला तरी दोन्ही सारख्याच मंदावतात, पण थर फक्त दुसरीला जाणवण्याइतका शोषतो. त्यामुळे त्यांचे गुणोत्तर आकाशातल्या कोणत्याही वस्तूवर विसंबून नाही, आणि माझ्या मते सगळ्या पद्धतींत ही सर्वांत देखणी आहे. पण लोह-५५चा अर्धायुकाल सुमारे २.७ वर्षांचा असल्याने पंचवीस वर्षांत त्याचे तेज पाचशेव्या हिश्शाच्या आसपास येते, आणि अलीकडच्या काळासाठी ही वाट बंदच होते. सुरुवातीच्या वर्षांसाठी दोन्ही मार्गांची उत्तरे जुळली. पुढच्या वर्षांसाठी ‘अबेल १७९५’ या दीर्घिकागुच्छाचा सलग वर्णपट वापरला.

०.५७ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टजवळच्या ऑक्सिजन रेषांनी मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही. ऑक्सिजनची शोषण-कडा (जिच्यापासून वर त्याचे शोषण एकदम वाढते ती ऊर्जा) त्यांच्या लगेच खाली आहे, त्यामुळे थरातल्या ऑक्सिजनचा अंदाज किंचित चुकला तरी उत्तर हलते, आणि अलीकडच्या निरीक्षणांत तिथे फोटॉनही तुरळकच उरले होते. त्या रेषा मी आलेखात दाखवल्या, जाडीच्या गणितातून वगळल्या आणि वगळण्याचे कारण अहवालात लिहिले. सरांनी त्या परिच्छेदात कार्बनचीही अनिश्चितता वेगळी दाखवायला सांगितली आणि मग सही केली.