काइटसर्फिंगची नोंद: बॉडी ड्रॅग जमलं, शाळा ठरली

आधी प्रगती, कारण ती चटकन आटपते. काइटच्या (बोर्डवरच्या माणसाला ओढणाऱ्या मोठ्या पतंगाच्या) ओढीने पाण्यातून नुसत्या अंगाने सरकणं, म्हणजे बॉडी ड्रॅग, आता जमतंय. वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकून सुटलेला बोर्डही परत आणता येतो. वॉटरस्टार्टला, म्हणजे पाण्यातून बोर्डवर उभं राहायला, गेलं की मात्र उभी राहते न राहते तोच नाकातोंडात पाणी. उजवीकडे जाताना जरा बरं, डावीकडे आनंद आहे.

शाळा कशी निवडली, असं बरेच जण विचारतात. माझं मत असं, की आधी वारा आणि पाणी निवडा, शाळा त्यानंतर. माझ्यापुढे उत्तर गोवा (मोरजी, आश्वे, मांद्रे) आणि रामेश्वरम हे पर्याय होते, आणि दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा.

गोव्यात हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. भूगोलात शिकलेले खारे वारे ते हेच. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून तिरपा वारा किनाऱ्यावर येतो. नवख्यासाठी हे उत्तम, कारण काइट पाण्यात पडली तरी तुम्ही वाहत वाहत वाळूलाच लागता. अडचण अशी, की हा वारा हलका असतो, बहुतेक दिवशी १२ ते १५ नॉट (ताशी साधारण २२ ते २८ किमी), आणि एखाद्या दुपारी तेवढाही नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १२ नॉटच्या मानाने १८ नॉटला तो सव्वादोन पट होतो. उलट १२ चे १० झाले तरी काइट निर्जीव वाटायला लागते. म्हणून गोव्यातल्या शाळेला पहिला प्रश्न: मोठ्या काइट आहेत का? माझं वजन जेमतेम ५४ किलो, मला १० मीटरची (म्हणजे १० चौरस मीटर कापडाची) पुरते. ऐंशी किलोच्या माणसाला त्या वाऱ्यात तीच दिली, तर तो दुपारभर पाण्यात नुसता भिजणार. शिवाय मोरजीला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि तो टापू राखीव असतो. काइट कुठून उडवायची नाही हे शाळेने न विचारता सांगितलं, तर तो चांगला गुण समजा.

रामेश्वरमला वाऱ्याचे दोन हंगाम. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, जेव्हा आपल्याकडचा समुद्र खवळलेला असतो, आणि हिवाळ्यात ईशान्येचा. एका अंगाला पाल्कची सामुद्रधुनी, दुसऱ्या अंगाला मन्नारचं आखात, त्यामुळे वारा फिरला की अंग बदलायचं. वारा जोरदार, आणि जागोजाग कमरेएवढं सपाट पाणी. मदुराईहून गाडीने साडेतीन-चार तास, ऊन भाजून काढणारं, आणि संध्याकाळी करमणूक म्हणाल तर मासे आणि झोप. मी कोर्ससाठी हेच निवडलं.

पण सपाट पाण्याची एक गोम आहे. पाणी सपाट असतं ते बऱ्याचदा वारा जमिनीवरून किंवा वाळूच्या पट्ट्यावरून येतो म्हणून. म्हणजे काही बिघडलं तर तो तुम्हाला आत, खोल पाण्याकडे ढकलतो. अशा जागी बचावाची बोट नसेल, तर बाकी काही विचारायचं कारणच नाही. ‘बोट आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. कुठे उभी असते, धडा चालू असताना ती चालवणारा किनाऱ्यावर असतो का, हे विचारा.

आता प्रमाणपत्राबद्दल. प्रशिक्षक आयकेओचा (आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेचा) असावा, त्याचा नंबर मागून परवाना चालू आहे का ते बघावं. त्यांच्या नियमात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार विद्यार्थी चालतात, पण चालतात म्हणून घ्यावेत असं नाही. पहिल्यांदा जिथे चाचणीचा तास घेतला (नाव सांगत नाही), तिथे आम्हा चौघांत एकच काइट होती. पैसे तासाचे दिले आणि त्यातला बराचसा वेळ वाळूत बसून दुसऱ्यांची धडपड पाहिली. पाहूनही शिकता येतं हो, पण ते फुकट पाहता येतं. आता मी दोघांमागे एक काइट यापलीकडे जात नाही. वारा मध्येच पडला तर घड्याळ थांबतं का, हेही आधीच विचारते. नवख्यांचा कोर्स साधारण ९ ते १२ तासांचा असतो. त्यातले दोन-तीन असेच गेले तर खिशाला लागतं.

शाळेची खरी परीक्षा क्विक रिलीजवर, म्हणजे काइटची ओढ झटक्यात तोडणाऱ्या कळीवर, होते. आमचे प्रशिक्षक अण्णा (रामेश्वरमचेच, कोळ्याच्या घरातले) यांनी पाण्यात पाय टाकण्याआधी बार, म्हणजे काइट चालवायचा दांडा, हातात दिला आणि डोळे मिटायला सांगितले. ते बार खेचणार, आपण चाचपडत लाल भाग शोधून पुढे ढकलायचा. ढकलला की काइटची ताकद जाते आणि ती एका दोरीवर फडफडत राहते. मग तेच छातीभर पाण्यात, आणि सुटलेलं रिलीज पाण्याखालीच पुन्हा जुळवायचं. वाळूचा कण अडकला की ते बसत नाही. बोटांनी खळखळून धुवावं लागतं. त्यानंतर सेल्फ रेस्क्यू: वीस-बावीस मीटर दोऱ्या बारवर आठाच्या आकारात गुंडाळत काइटपर्यंत पोचायचं, तिचं टोक धरायचं आणि शिडासारखं वापरून किनारा गाठायचा. हे ‘नंतर कधीतरी दाखवू’ म्हणणाऱ्या शाळेत पैसे भरू नका. रिलीजसाठी आयएसओचं मानक २०२० मध्ये आलं, तेव्हा शाळेचे बार त्याआधीचे आहेत की नंतरचे हेही बघा. काइट जुनी, ठिगळं लावलेली असली तरी माझी हरकत नाही.

दर, राहण्याची सोय, टी-शर्ट वगैरे गोष्टी तुम्ही बघालच. हेल्मेटमध्ये रेडिओ असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. त्याच्याशिवाय वाऱ्यात प्रशिक्षक घसा फोडून ओरडतो आणि आपल्याला ऐकू येतं फक्त ‘बार... बार!’

पुढच्या खेपेला फक्त डावीकडचा वॉटरस्टार्ट. अण्णा म्हणतात, मी काइट खाली आणताना बार पूर्ण ओढून धरते आणि तिथेच ती अडकते. हंगाम संपायच्या आत ते सुटलं, तर डिसेंबरात मोरजीला येते. तोवर कुणी ५०-५५ किलोचं तिथे १२ मीटरची काइट वापरत असेल, तर झेपते का ते कळवा.