गाडी तापली म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नका

गाडी तापायला लागली की हमखास एक सल्ला मिळतो: 'थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरू द्या.' हा सल्ला चुकीचा आहे. कित्येक इंजिनांत तर तो उलटा पडतो.

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाच्या, वाटेवरची झडप. तो इंजिन थंड करत नाही. इंजिन ठरलेल्या तापमानाच्या खाली राहू नये, एवढंच त्याचं काम. वरची मर्यादा रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप सांभाळतात. थर्मोस्टॅटमध्ये मेण भरलेली एक छोटी धातूची डबी असते. मेण वितळलं की फुगतं, दांडी ढकलतं आणि स्प्रिंगच्या जोराविरुद्ध झडप उघडते. बहुतेक गाड्यांत ही झडप ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागते आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडते. तोवर कूलंट रेडिएटरकडे न जाता बायपासमधून इंजिनातच फिरत राहतं.

खरी गोम या बायपासमध्ये आहे. अनेक थर्मोस्टॅटना खालच्या बाजूला दुसरी चकती असते. वरची झडप उघडते तशी ती बायपासचं तोंड बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो, गरम कूलंटचा मोठा हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो आणि चढावर गाडी आणखी तापते. बायपासची रचना वेगळी असेल तर उलट घडतं: इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमध्ये ओलावा आणि इंधन साचून गाळ धरतो.

थर्मोस्टॅट बिघडतो तोही दोन तऱ्हांनी. उघडा अडकला तर डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा नेहमीच्या जागी पोचायला फार वेळ घेतो, हायवेवर खाली उतरतो, हीटर कोमट हवा देतो. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर बहुधा पी०१२८ हा कोड दिसतो. बंद अडकला तर काही मिनिटांतच काटा लाल पट्टीकडे धावतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. थांबायला जागा नसेल तर तिथवर हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा, कारण बहुतेक गाड्यांत हीटरची लाइन थर्मोस्टॅटच्या झडपेवर अवलंबून नसते. तसंच रेटलं तर हेड गॅसकेट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं, सील) जातं, हेड वाकतं. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना अजिबात उघडू नका: दाब सुटताच कूलंट उकळून अंगावर उडतं.

थर्मोस्टॅट कूलंट इंजिनातून बाहेर पडतं त्या बाजूला असेल, तर काटा वर असूनही रेडिएटरकडे जाणारा वरचा होज (रबरी पाइप) गार हे बंद अडकल्याचं ठळक लक्षण. पण कूलंट कमी असलं किंवा पंप फिरत नसला तरी तेच दिसतं, म्हणून आधी पातळी बघा. हात लावताना पंख्यापासून जपा. इलेक्ट्रिक पंखा अचानक सुरू होतो. फक्त ट्रॅफिकमध्ये तापणारी आणि वेग धरताच निवणारी गाडी असेल तर संशय थर्मोस्टॅटवर नको, पंख्यावर घ्या.

खात्री करायची तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात टांगा. गार असताना झडप हाताने किंचित उघडून तिच्या फटीत दोरा पकडवा आणि त्याच दोऱ्याने तो लटकवा. भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. पाण्यात थर्मामीटर धरून हळूहळू तापवा. झडप उघडताच दोरा सुटतो. ते तापमान थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याशी जुळायला हवं. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. उकळत्या पाण्यातही दोरा सुटला नाही तर थर्मोस्टॅट बाद. पाणी निवताना झडप पूर्ण मिटते का, तेही बघा.

नवा बसवताना आकडा कंपनीने दिलेलाच हवा. कमी आकड्याचा टाकल्याने मूळ दोष जात नाही. मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला, छोटी हलती पिन असेल तर ती वर, कारण अडकलेली हवा तिथूनच निघते. जुनं गॅसकेट नीट खरवडून नवं लावा. मॅन्युअलमध्ये वेगळं प्रमाण नसेल तर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. मग थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करा, हीटर गरमवर ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी पूर्ण करत राहा आणि कूलंट फुगून वर यायला लागलं की झाकण लावा. ब्लीड स्क्रू असेल तर तिथून हवा काढा. वरचा होज आधी गार राहून मग एकदम गरम झाला, की झडप उघडली.