तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकला चर्च आलं कुठून?

"तुम्ही मूळचे नाशिकचेच? मग ख्रिस्ती कसे?" हे मला रिक्षावाल्यापासून मुलीच्या सासरच्या मंडळींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. रामकुंड, काळाराम, बारा वर्षांनी सिंहस्थ, अशा गावात चर्चचं काय काम, असा त्यामागचा भाव. बहुतेकांकडे उत्तरही तयार असतं: साहेब आला, चर्च बांधलं, साहेब गेला, तुम्ही राहिलात.

साहेब आला १८१८ मध्ये. चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन (प्रोटेस्टंट) पंथाच्या मिशनसंस्थेचं, इथलं काम सुरू झालं १८३२ मध्ये, म्हणजे मधे चौदा वर्षं गेली. सी. पी. फॅरर हे पहिल्या मिशनऱ्यांपैकी एक. शाळा काढल्या, बाजारात उभं राहून उपदेश केला. वीस वर्षांत हाती लागलं ते थोडकंच, आणि त्याचं मला मुळीच नवल वाटत नाही. नदीकाठचे शास्त्री वाद घालायला समर्थ होते. शिवाय बाप्तिस्मा घ्यायचा म्हणजे पाणवठा, पंगत, घर, सगळंच सुटायचं. एखाद्याचं मन तयार झालं तरी उद्यापासून राहायचं कुठे आणि खायचं काय, याचं उत्तर बाजारातल्या उपदेशात नव्हतं.

ते मिळालं १८५४ मध्ये. विल्यम सॉल्टर प्राइस या पाळकांनी गावाबाहेर, पश्चिमेला, एक वस्ती वसवली: शरणपूर. आज शरणपूर रोड म्हटलं की महापालिकेचं राजीव गांधी भवन, कॅनडा कॉर्नर, बँका आणि कपड्यांची दुकानं आठवतात. तेव्हा तो शिवार होता. तिथे घरं उभी राहिली, अनाथ मुलांसाठी आश्रम झाला, शाळा झाली, सुतारकाम-लोहारकाम शिकवायची सोय झाली. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचा समाज, खरी तिथे रुजली. ज्यांना परत जायला घर नव्हतं, अशांची ती मंडळी.

आणि त्यांत सगळे मराठी नव्हते. हे सांगितलं की ऐकणारा हमखास थांबतो. पूर्व आफ्रिकेतून पळवलेल्या मुलांना घेऊन गुलामांची गलबतं अरबी समुद्रातून जायची. इंग्रजी आरमार ती अडवायचं आणि सोडवलेल्या मुलांना मुंबईला उतरवायचं. त्यांतली कितीतरी मुलं शरणपूरला आली. इथे शिकली, रंधा आणि घण चालवू लागली, बाप्तिस्मा घेतला. त्यांना नावं मिळाली ती मात्र इंग्रजी. त्यांची आईनं ठेवलेली नावं कुणी लिहून ठेवायला हवी होती, असं मला राहून राहून वाटतं.

जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा नाशिकच्या शाळेतली नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. पुढे त्याच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीतही नाशिकचे तरुण होते. जेकब त्या तुकडीतला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं, तेव्हा दफनविधीची प्रार्थना जेकबनं वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीखही त्यानंच कोरली. मग सगळ्यांनी मिळून तो देह सुकवून, गुंडाळून, महिनोन्महिने खांद्यावरून समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये लिव्हिंग्स्टनला पुरलं, तेव्हा शवपेटीला खांदेकरी म्हणून मानानं उभे होते त्यांत जेकब होता. नाशिकच्या शाळेत शिकलेला मुलगा! आपल्या शाळांत लिव्हिंग्स्टनचा धडा असतो, हे नसतं.

त्यानंतर लवकरच प्राइस आजच्या केनियात, मोंबासाजवळ, सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वस्ती वसवायला गेले आणि शरणपूरचे शंभराहून अधिक आफ्रिकी लोक तिकडे परतले. काही त्याआधीच मोंबासाजवळच्या रबाईच्या मिशनात पोचले होते. सुतार, लोहार, शिक्षक, उपदेशक. केनियातल्या अँग्लिकन चर्चच्या सुरुवातीच्या खांबांत ही माणसं मोजतात. तेव्हा चर्च परदेशातून नाशिकला आलं हे खरंच, पण नाशिकहून परदेशीही गेलं.

आता प्रश्नामागचा प्रश्न: "दुष्काळात धान्य घेऊन बाटलात ना?" सभ्य लोक हे जरा फिरवून विचारतात. माझे पणजोबा १८७६-७८ च्या दुष्काळानंतर मिशनात आले तेव्हा लहान पोर होते. त्यांच्या गावाचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. भुकेचा हात त्यात होता, हे मी नाकारत नाही. मिशनऱ्यांचा हेतू निव्वळ जेवू घालण्याचा नव्हता, हेही नाकारत नाही. पण पोट भरलं, हाताला कसब आलं, त्यानंतरही माणसं राहिली, मुलांची लग्नं त्याच मंडळीत केली आणि रविवार चुकवला नाही. त्याला मूठभर तांदूळ पुरत नाहीत.

आमची उपासनाही हळूहळू मराठी झाली. मराठी ख्रिस्ती भजनं लिहिणारे कवी नारायण वामन टिळक यांचं शिक्षण नाशिकात झालं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर गोदावरीकाठचं जलालपूर. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईतला. लक्ष्मीबाईंचा १९०० चा. ते काम करायचे नगरच्या अमेरिकन मिशनबरोबर, आमच्या मिशनचे नव्हेत. पण भजनाला पंथ कोण विचारतो? इंग्रजी चालीवरची गीतं म्हणताना आमच्या म्हाताऱ्या नुसत्या ओठ हलवायच्या. टिळकांचं भजन लागलं, पेटी-तबला सुरू झाला की टाळ हातात घ्यायच्या.

बाकीचं भराभर सांगतो. १९२९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा भाग, झाला, फिलिप लॉइड पहिले बिशप. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं आणि आम्ही त्यात गेलो. शरणपूर रोडचं संत आंद्रिया चर्च त्यातलंच. आता बाकांवर जुनी मिशनातली घराणी आहेत, तशी सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी बाहेरून आलेली कुटुंबंही. कापणीच्या सणाला घरचं धान्य, भाजी, कोंबडी आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. कोथिंबिरीची जुडी शंभराला जाते ती त्या दिवशी.

आणि नाशिकरोडचं बाळ येशूचं मंदिर आमचं नव्हे, ते कॅथलिकांचं. त्यांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ चा. फेब्रुवारीतल्या तिथल्या यात्रेला सगळ्या धर्मांची गर्दी लोटते. यात्रेची नक्की तारीख मला विचारू नका, आमच्या महिला मंडळाला विचारा. पंथ वेगळा असला तरी दरवर्षी त्यांची रिक्षा आधीच ठरलेली असते.